मार्चअखेरचा दुसरा ताळेबंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत फेब्रुवारी 2025 मध्ये दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आवरून लिहिले आहे.)



व्याख्यानमालेत मला बोलायला सांगितलं तेव्हा सेक्रेटरींची अपेक्षा होती की मी गुंतवणुकीवर बोलेन. ज्येष्ठांसाठीच्या ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र वगैरे. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित असणार! पण मी म्हटलं, त्या विषयावर मी रोज खालच्या बाकावर फुकट बोलतोच. आज मला या हॉलविषयी बोलू द्या. या हॉलमध्ये रोज सकाळी नऊ ते बारा जो बालवर्ग भरतो, त्याच्याविषयी. आणि त्यातही मार्च महिन्याविषयी.

मार्चचा आणि आम्हा बँकवाल्यांचा संबंध तुम्हाला ठाऊक आहे. संगणक येण्याआधीच्या काळात 31 मार्च म्हणजे रात्रीचा दिवस. लेजरं रचलेली, बेरजा चाललेल्या, चहाचे कप पडलेले, आणि ताळा जमत नाही. एका रुपयाचा फरक असला तरी घरी जायचं नाही. कधी 54 चे 45 लिहिलेले सापडायचे आणि मग सगळे सुटकेचा श्वास टाकायचे. माझ्या सौभाग्यवतींनी लग्नानंतर कित्येक पाडवे माझ्याशिवाय काढले. तेव्हा मार्च म्हटलं की माझ्या मनात एकच प्रश्न येतो : जमलं की नाही जमलं?

आता एक कबुली. इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल, 2016 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा हॉल सकाळच्या वेळेत एका कोचिंग क्लासला भाड्याने द्यावा असा ठराव आला होता. महिन्याला पंधरा हजार मिळणार होते. बालवर्गाकडून आपण घेत होतो वीजबिल आणि नाममात्र काही रक्कम. तो ठराव मांडणारा खजिनदार म्हणजे मीच. माझे आकडे बिनचूक होते. लिफ्टची दुरुस्ती, टाकीची गळती, रंगकाम, सगळं मी कागदावर मांडून दाखवलं होतं. शिवाय काही सभासदांचं म्हणणं होतं की वर्गात निम्मी मुलं बाहेरची असतात. निम्मी नव्हती. बावीसपैकी सात होती. वॉचमनची, कामाला येणाऱ्या बायकांची, गेटजवळच्या इस्त्रीवाल्यांचा मुलगा. पण बोलताना निम्मी म्हटलं की वजन येतं. चर्चा बरीच झाली आणि विषय एक वर्ष पुढे ढकलला गेला.

पुढच्या मार्चमध्ये, 2017 साली, बालवर्गाच्या ताई माझ्या दारात उभ्या. त्यांच्या मदतनीस मुलीची परीक्षा होती, ती तीन आठवडे येणार नव्हती. ताई म्हणाल्या, "काका, सकाळी येऊन बसाल का? काही करायचं नाही. नुसतं बसायचं. एकटीला बावीस मुलं झेपत नाहीत." मी म्हटलं, "ताई, तुम्हाला माहीत आहे ना ठराव कुणी मांडला होता?" त्या म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आले. आधी बघा, मग बंद करा." घरातून सौ. म्हणाल्या, "जा. घरात बसून तरी काय करताय?" झालं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, 14 मार्चला, कानामागे थोडा रंग राहिलेला असताना मी या हॉलमध्ये जाऊन बसलो.

मला वाटलं होतं वर्षाचा शेवट म्हणजे उजळणी. पाढे, बाराखडी, एबीसीडी, शेवटी एक छोटी परीक्षा आणि मग नाच. इथे पहिल्या दिवशी काय, तर सामानाची मोजणी. मणी, ठोकळे, चित्रांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, चिंचोके, शंख-शिंपले, सगळं सतरंजीवर ओतलेलं. ताई मुलांना म्हणाल्या, "जूनमध्ये आपल्याकडे काय काय होतं आणि आता किती उरलंय ते बघायचंय." मी मनात म्हटलं, अरे वा, ही तर स्टॉक तपासणी!

पण ती कशी चालते ते बघण्यासारखं होतं. एका गटाने सगळं रंगावरून लावलं. लाल मणी, लाल ठोकळा, लाल झाकण एकत्र. दुसरा गट म्हणाला, असं नाही, मणी मण्यांत. भांडण झालं. ताई मध्ये पडल्या नाहीत. दहा मिनिटांनी मुलांनीच ठरवलं की आधी वस्तू आणि मग त्यात रंग. मी थक्क झालो. आमच्याकडे खात्यांची वर्गवारी हेच शिकवायला नव्या कारकुनाला महिनाभर लागायचा.

तिथे मला दोन मुलं दिसली, त्यांच्याविषयी सांगतो. दोघंही आता मोठी आहेत, नावं घेत नाही. एक मुलगी, आपल्याच सोसायटीतली. ती शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणायची. मधे अडकली तर पुन्हा एकपासून. मी खूश झालो. दुसरा तो इस्त्रीवाल्यांचा मुलगा. त्याचा सातचा आकडा नेहमी उलटा. घरी हिंदी बोलणारा, वर्गात फारसा बोलायचाच नाही. मी मनातल्या मनात दोघांना मार्क देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी ताईंनी त्या मुलीला सांगितलं, "तुझ्या गटात सात जण आहेत, सात चमचे आण." तिने मूठभर आणले. नऊ होते. मोजायला सांगितलं तर बोट एका चमच्यावर आणि तोंडात तीन आकडे. म्हणजे अंक पाठ होते, पण एक आकडा म्हणजे एक वस्तू ही गाठ अजून पक्की बसायची होती. आणि तो मुलगा? त्याने आपल्या गटाकडे एकदा बघितलं आणि जाऊन बरोबर सहा चमचे आणले. सकाळ-संध्याकाळ वडिलांच्या टेबलाशी कपडे मोजत उभा राहायचा तो. आकडा उलटा लिहीत होता, पण चुकत नव्हता.

ताईंनी मला एक गंमत करायला सांगितली. एक रुपयाची पाच नाणी एका ओळीत, त्याखाली पाच दुसऱ्या ओळीत, समोरासमोर. मुलं म्हणाली, सारखी. मग खालच्या ओळीतली नाणी मी त्यांच्या देखत लांब लांब पसरली. "आता कुठे जास्त?" लहान मुलं एका सुरात, "खाली!" मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताई म्हणाल्या, "काका, दुरुस्त करू नका. ते सांगून येत नाही, वयाने आणि हाताळून येतं." पियाजे नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने मुलांच्या विचाराचा अभ्यास केला, त्यातला हा प्रयोग. मला बी.कॉम.ला कुणी पियाजे सांगितला नव्हता. शेवटी मोठ्या गटातली एक मुलगी माझ्याकडे जराशा कीवेने बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही नुसती लांब ठेवलीत." साठ वर्षं पैसे मोजून मला जे गृहीत वाटत होतं, ते त्या मुलीला नुकतंच समजलं होतं.

मग मी घरी येऊन वाचायला लागलो. जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने 1837 साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि पुढे तिला किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढलं. आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे 1945 साली ठाणे जिल्ह्यात, आता पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या बोर्डीला आल्या आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. सोबत अनुताई वाघ. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी हा आज सगळ्या देशाच्या तोंडी असलेला शब्द, त्याची मुळं तिथली. परदेशी महागडं साहित्य परवडत नाही म्हणून या बायांनी बिया, खडे, शिंपले वापरले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आमच्या ताईंच्या डब्यातले चिंचोके आणि शिंपले कुठून आले! आपल्या हॉलमध्ये, लिफ्टच्या शेजारी, शंभर वर्षांची परंपरा चालू होती आणि मी तिचं भाडं काढत होतो.

हे सगळं वाचायला मिळालं, पण खरं शिक्षण त्या तीन आठवड्यांतलंच.

15 मार्चला मुलांनी फळवाल्याकडून आणलेल्या दोन लाकडी खोक्यांत माती भरून मेथी पेरली होती. तीन-चार दिवसांत कोंब वर आले. रोज सकाळी आल्याआल्या सगळे खोक्यांवर ओणवे. सुतळीच्या तुकड्याने उंची मोजायची आणि तो तुकडा कागदावर चिकटवायचा. दुसऱ्या दिवशीचा तुकडा शेजारी. पाच-सहा दिवसांत कागदावर आपोआप आलेख तयार. पट्टी नाही, सेंटिमीटर नाही, पण वाढ म्हणजे काय ते डोळ्यांसमोर.

23 मार्चला बाजार भरला. लिंबं, कैऱ्या, काकड्या, घरून आणलेल्या चिंचेच्या गोळ्या, कागदी पंखे. अंगणात दुकानं मांडली. खरे पैसे वापरायचे असं ताईंनी ठरवलं होतं आणि साहजिकच बँक माझ्याकडे आली. नोटाबंदी होऊन चारच महिने झाले होते, सुट्ट्या पैशांचं मोल सगळ्यांनाच कळलं होतं. मी बावीस मुलांना प्रत्येकी दहा एक-रुपयाची नाणी मोजून दिली. एकूण दोनशे वीस. काही रुपयांना शिक्षण सुरू होताच पंख फुटले. एकाने तीन रुपयांचं लिंबू घेऊन पाच दिले आणि विकणारीने प्रेमाने सहा परत केले. इस्त्रीवाल्यांचा मुलगा कैऱ्यांच्या दुकानावर होता. दुपारी बघतो तर त्याच्यापुढे पैशांच्या पाच-पाचच्या चळती. अशाच चळती आम्ही कॅश काउंटरवर लावायचो. त्या दिवशी तो मोठ्याने बोलला. गिऱ्हाईकं बोलावत होता. ताईंनी माझ्याकडे बघितलं. वर्षभरात त्याचा एवढा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

बारा वाजता मी पैसे परत घेतले. मोजले. दोनशे सतरा. पुन्हा मोजले. दोनशे सतरा. सतरंजी झटकली, मुलांचे खिसे बघितले, टोपल्या उलट्या केल्या. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या काका, तीन रुपये तर आहेत." मी म्हटलं, "ताई, प्रश्न तीन रुपयांचा नाही." मग वहीत रीतसर लिहिलं : सस्पेन्स खाते, रुपये तीन. ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती आम्ही त्या खात्यात ठेवतो.

शनिवारी 25 तारखेला पालकांचा दिवस होता. काही पालकांची मागणी होती की मोठ्या गटाला काळा झगा आणि टोपी घालून पदवीदान करावं. भाड्याने मिळतात. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलांना काय आवडेल ते विचारते." मुलांनी सांगितलं, पन्हं. म्हणून मुलांनी उकडलेल्या कैरीचा गर कपाने मोजून, एकाला दोन गूळ घालून पन्हं केलं आणि आईबाबांना वाढलं. नंतर पालकांना खाली बसवून मुलांनी आपले खेळ त्यांना शिकवले. इस्त्रीवाले गृहस्थ आणि आपल्याच एका विंगचे एक साहेब शेजारी बसून दोरीत मणी ओवत होते. साहेबांचे मणी सांडले.

एका वडिलांनी विचारलं, "ताई, ते सगळं ठीक आहे, पण लिहिणं?" रास्त प्रश्न. ताईंनी दोन कागद पुढे केले. त्यांच्या मुलाने जूनमध्ये काढलेला माणूस : एक मोठं गोल डोकं आणि त्यालाच फुटलेले दोन पाय. मार्चमध्ये काढलेला माणूस : मान, धड, हात, हाताला पाच बोटं, शर्टाला बटणं, आणि शेजारी एक कुत्रा. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये या हाताला गोल बंद करता येत नव्हता. आता बटणं काढतोय. ज्या हाताने बटण काढता येतं, त्याला अक्षर जड जात नाही. घाई केलीत तर अक्षर येईल, पण हात दुखेल आणि मन उडेल."

हे ऐकताना मला माझा मुलगा आठवला. 1982 साल. तो चार वर्षांचा. एका शाळेत प्रवेशासाठी मुलाखत होती. मी रोज संध्याकाळी बँकेतून आलो की पाटी पुढे ठेवायचो. एक ते पन्नास. चुकलं की पुसून पुन्हा. तो रडायचा, मी म्हणायचो, रड आणि लिही. प्रवेश मिळाला. मुलगा पुढे चांगला शिकला, आज पुण्यात आहे, सुखात आहे. पण मी पाटी आणायला उठलो की तो पलंगाखाली जायचा, हे माझ्या हिशेबात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या शनिवारी रात्री मी त्याला फोन केला. म्हटलं, तुला आठवतं का रे? तो म्हणाला, "बाबा, पाटीचा वास आठवतो." नंतर आम्ही दुसरंच काही बोललो.

आता तीन रुपयांचं काय झालं ते सांगतो. सोमवारी, 27 तारखेला, ती शंभरापर्यंत म्हणणारी मुलगी मेथीच्या खोक्याच्या एकाच कोपऱ्यात पाणी घालत होती. तिथे मेथी नव्हतीच. मी विचारलं, "इथे काय आहे गं?" ती म्हणाली, "पैसे पेरलेत." बाजाराच्या दिवशी तीन नाणी तिने मातीत पुरली होती. मी उकरायला हात घातला, तर ताईंनी अडवलं. सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, काय उगवेल? एक म्हणाला, पैशांचं झाड. एकीचं मत पडलं की नोट येईल, कारण नोट मोठी असते. इस्त्रीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "लोखंड आहे, गंज येईल." ताईंनी प्रत्येकाचं उत्तर चित्राने फळ्यावर काढलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारी बघू."

मंगळवारी पाडवा होता. बुधवारी, गुरुवारी पाणी घातलं गेलं. शुक्रवारी 31 मार्च. वर्गाचा शेवटचा दिवस. आधी मेथी कापली, बोटभरच उंच होती, प्रत्येकाला चिमूटभर घरी न्यायला. मग कोपरा उकरला. तीन नाणी, जशीच्या तशी, गंजसुद्धा नाही, कारण रुपया स्टेनलेस स्टीलचा असतो. त्या मुलीने नाणी धुतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "ते बी नाहीये. आत काही नाही." तिने माझ्या हातावर ठेवली. एक, दोन, तीन. प्रत्येक नाण्याला एकच आकडा. मोजणी बरोबर होती.

मी वही काढून सस्पेन्स खातं बंद केलं. दोनशे वीस. 31 मार्चला ताळा जमला, आणि तोही दुपारी साडेअकराला!

त्या दिवशी ताईंनी प्रगतिपत्रकं दिली. मी विचारलं होतं, "टक्के कुठे आहेत?" त्या म्हणाल्या, "टक्के कशाचे काढू, काका?" प्रत्येकाच्या पत्रकात तीन-चार ओळी होत्या. त्या मुलीच्या पत्रकात लिहिलं होतं की ती आता स्वतः प्रश्न विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत थांबते. त्या मुलाच्या पत्रकात होतं की तो वीसपर्यंत वस्तू बिनचूक मोजतो, पाचच्या चळती करतो, गटाची काळजी घेतो आणि बाजारात सर्वांशी बोलला. उलट्या सातचा उल्लेख नव्हता. पुढे पहिलीत दिवाळीपर्यंत तो सरळ झाला असं त्याच्या वडिलांनीच मला इस्त्री करता करता सांगितलं.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि माझा ठराव मागे घेतला. कुणीतरी विचारलं, "मग लिफ्टचं काय?" प्रश्न बरोबर होता. लिफ्टसाठी आपण प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी वाढवली आणि त्याबद्दल काही लोक अजून माझ्यावर नाराज आहेत. ते मला मान्य आहे. भाड्याच्या पंधरा हजारांची जागा काही आकाशातून भरून निघत नाही.

पुढे 2020 साली नवं शैक्षणिक धोरण आलं. तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा, खेळातून शिक्षण. 2022 साली त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यात म्हटलं आहे की तीन ते सहा वयाच्या मुलांना चाचण्या आणि परीक्षा घेऊ नयेत. मी तो कागद ताईंना नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता पालकांना दाखवता येईल."

हे सगळं आज का सांगतोय? रौप्यमहोत्सवानिमित्त हॉलचं नूतनीकरण होणार आहे आणि सकाळच्या वेळेचा विषय पुन्हा निघाला आहे. जिम करावी, हॉल भाड्याने द्यावा, अशा सूचना आहेत. सूचना देणारे माझे शेजारी आहेत, त्यांचे आकडे मी बघितले, आकडे बरोबर आहेत. माझंही त्या वेळी सगळं बरोबर होतं. मला एवढंच म्हणायचं आहे की मत देण्याआधी या मार्चमध्ये प्रत्येकाने एक सकाळ इथे येऊन बसावं. काही करायचं नाही. नुसतं बसायचं. मग तुम्हाला योग्य वाटेल तिथे हात वर करा. माझा हात कुठे असेल ते तुम्हाला कळलंच आहे.

त्या 2017 च्या वर्गातली मुलं आता आठवीत आहेत. त्यातली दोघं-तिघं मागे खुर्च्या लावायला मदत करताना दिसली. कार्यक्रमानंतर त्या खुर्च्या मोजून परत द्यायच्या आहेत, मंडपवाल्याच्या शंभर आहेत. ते काम कुणाला सांगायचं हे मी ठरवून टाकलं आहे.